तेरणेकाठी पैसा लावताना

नदीकाठच्या एखाद्या खेड्यात चार गुंठे जागा घ्यावी, टुमदार घर बांधावे, पुढेमागे जमिनीचा भाव वाढेल आणि सुट्टीत मुलाबाळांना घेऊन जायला हक्काचे ठिकाणही होईल, हे स्वप्न मध्यमवर्गीय मराठी माणूस गेली कित्येक वर्षे पाहत आला आहे. पूर्वी त्याची धाव कर्जत-अलिबागपर्यंत असे, फार तर कोकणात आजोळच्या गावापर्यंत. आता मुले परदेशी असतात, विमानाचे तिकीट अगदीच आवाक्याबाहेर राहिलेले नाही. त्यामुळे बाली, जावा, बोर्निओ ही नावेही दिवाणखान्यातल्या गप्पांत ऐकू येतात. नदीच्या मुखाशी गाळाची बेटे, लाकडी खांबांवर उभी घरे, दारात होडी आणि मागे नारळी. चित्र मोहक आहे. तिथल्या कायद्याने परक्या देशाच्या माणसाला जमिनीची पूर्ण मालकी मिळत नाही, भाडेपट्टा किंवा वापराचा हक्क तेवढा मिळतो, हे मात्र गप्पांच्या ओघात कुणी सांगत नाही.

बोर्निओच्या पूर्व किनाऱ्यावर महाकाम नावाची नदी समुद्राला मिळते. मिळताना तिला असंख्य फाटे फुटतात आणि पंखा उघडावा तसा त्रिभुज प्रदेश तयार होतो. १९९० च्या दशकात या पंख्यावर कोळंबीची तळी खोदण्याची लाट आली. १९९७ साली इंडोनेशियाचे चलन कोसळले. निर्यातीच्या कोळंबीला परकीय चलनात मिळणारा भाव स्थानिक पैशात एकदम कितीतरी पटींनी मोठा दिसू लागला आणि लाटेचे उधाण झाले. निम्म्याहून अधिक खारवट जंगल तळ्यांसाठी साफ झाले. मग रोग आला, उत्पन्न घटले, आणि कितीतरी तळी तशीच पडून राहिली. पैसा लावणारा एक, माल खाणारा दुसरा आणि चिखलात पाय रोवून राहणारा तिसरा, अशी ती गोष्ट. ती ऐकताना धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला आपल्या नदीची आठवण झाली तर नवल नाही.

आता धाराशिवात कसला आला त्रिभुज प्रदेश, असे कुणी विचारील. वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडला तर. होळी सरली की नदीचे पात्र म्हणजे वाळू आणि वेडी बाभळ. पण नकाशा समोर धरावा. तेरखेड्याच्या बाजूला बालाघाटच्या डोंगरात तेरणा उगवते. पूर्वेकडे, मग आग्नेयेकडे वाहत ती मांजरेला मिळते. मांजरा गोदावरीला मिळते. आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली शाखा फोडून बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे आमच्या तेरणेचे पाणी, जे काही उरेल ते, एका मोठ्या त्रिभुज प्रदेशातच रिते होते. आणि गंमत अशी, की दोन हजार वर्षांपूर्वी त्या पूर्व किनाऱ्यावरचा माल उलट्या दिशेने याच तेरणेकाठी येऊन पडत असे. नदीकाठच्या खेड्यात बाहेरच्या माणसाने पैसा लावणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. तेरणेकाठी तर ती निदान तीनदा घडून गेली आहे.

पहिला प्रसंग तेर गावचा. धाराशिव शहराच्या ईशान्येला, तासाभराच्या आत पोहोचता येईल असे हे गाव. एसटीतून उतरल्यावर प्रथमदर्शनी इतर मोठ्या गावांसारखेच दिसते. बाजार, शाळा, टपऱ्या, ट्रॅक्टरची दुरुस्ती. फरक एवढाच की गावात आणि गावाभोवती मातीची बुटकी टेकाडे आहेत, आणि पहिला जोराचा पाऊस झाला की त्या टेकाडांच्या अंगावर मणी दिसू लागतात. काचेचे, दगडाचे, शंखाचे. जुन्या वस्तीच्या पांढरीची ही टेकाडे. महाराष्ट्रात जिथे जिथे अशी पांढरी आहे तिथे शेतकरी ती माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात नेत आले. किती इतिहास ज्वारीच्या मुळाशी गेला असेल याचा हिशेब कोण ठेवणार?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले एक खलाशांचे मार्गदर्शक पुस्तक आहे, ‘पेरिप्लस’. लिहिणाऱ्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंत कुठे कोणता माल मिळतो, कुठे कोणता खपतो, याची ती व्यापाऱ्याच्या नजरेने केलेली टिपणे आहेत. त्यात दख्खनमधल्या दोन बाजारपेठा खास सांगितल्या आहेत. एक पैठण, भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, पैठणपासून आणखी दहा दिवस पूर्वेला. पैठणहून अकीक येत असे. तगरहून येत असे ते कापड. जाडेभरडे पुष्कळ, मलमलीचे नाना प्रकार, आणि शिवाय समुद्रकाठच्या प्रदेशातून तिथे जमा झालेला इतर माल. हे सगळे बैलगाड्यांवर लादून, जिथे धड रस्ता नाही अशा मुलखातून भडोचला जाई.

हे तगर म्हणजे कुठले गाव, यावर एकोणिसाव्या शतकातल्या पंडितांनी बराच घोळ घातला. कुणी दौलताबाद म्हणे, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर असे साधार मांडले, पुढे हेन्री कझिन्स यांनी तेरचे अवशेष पाहून त्यांची नोंद केली आणि वादावर पडदा पडला. १९५८ साली चापेकरांनी इथे उत्खनन केले, नंतरही ठिकठिकाणी खोदकामे झाली.

तीस दिवसांची बैलगाडी! आज तेरहून भडोचला मालमोटार फार तर दीड-दोन दिवसांत जाईल. तीस दिवस जाताना, तितकेच येताना. वाटेत नदीनाले, घाट, चोरचिलटे, बैलांचे आजार. मग भडोचच्या बंदरात जहाजाची वाट पाहायची, कारण जहाजे मोसमी वाऱ्यावर यायची आणि मोसमी वाऱ्यावर जायची. म्हणजे तेरच्या कोष्ट्याने मागावर चढवलेला धागा आणि इजिप्तच्या बंदरात मोजले गेलेले नाणे यांच्यात वर्षाचे अंतर सहज पडत असणार. एवढे दिवस कोष्ट्याचे घर कशावर चालत होते? कुणीतरी आधी पैसा लावल्याशिवाय हा गाडा चालणे शक्य नाही.

तो पैसा कसा लावला जाई, याचा एक नमुना नाशिकच्या लेण्यांत दगडावर कोरलेला आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीस तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण, असा व्याजाचा दर. त्या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंचा कपड्यालत्त्याचा आणि किरकोळ खर्च चालावा. मुद्दल कधी परत मागायची नाही. आजच्या बँकेतल्या मुदत ठेवीसारखाच हा व्यवहार, फक्त बँकेच्या जागी विणकर. लक्षात घेण्यासारखी बाब ही, की राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हाती निर्धास्तपणे सोपवत होता. तेरच्या विणकरांचा असा लेख सापडलेला नाही. पण कापडासाठी साता समुद्रांपार नाव झालेल्या गावात अशी पत असलेली माणसे असणारच, असे मानायला हरकत नसावी.

या व्यापारातून तेरला काय मिळाले ते तिथल्या संग्रहालयात काचेआड पाहायला मिळते. रोमन नाण्यांवरून छाप उचललेली मातीची पदके आहेत. शाडूसारख्या पांढऱ्या मातीच्या, दोन साच्यांत घडवलेल्या नाजूक बाहुल्या आहेत, त्यांची केशभूषा पाहून हे काम स्थानिक की परदेशी असा प्रश्न पडावा. आणि एक वीतभरही नसलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. इटलीत व्हेसुव्हियसच्या राखेखाली इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशीच एक हस्तिदंती मूर्ती सापडली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही या जातीची मूर्ती मिळाली आहे. आरशाच्या मुठीसारखा तिचा काहीतरी उपयोग असावा, असे जाणकार म्हणतात. पाँपेईतल्या कुणा श्रीमंत घरातल्या बाईच्या हातात मराठवाड्यातल्या कारागिराचे काम होते, हे वाचून आपल्याला आज अभिमान वाटतो. त्या कारागिराला त्याचे काय मिळाले असेल, हा प्रश्न सहसा मनात येत नाही.

रोमचा व्यापार पुढे मंदावला. सातवाहनांचे राज्य गेले. दूरचे गिऱ्हाईक तुटले आणि तगर नगर आक्रसत गेले. नगराचे गाव झाले. नाव मात्र दूरवर उरले. कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे शतकानुशतके आपल्या ताम्रपटांत ‘तगरपुरवराधीश्वर’ अशी बिरुदावली मिरवत राहिले. आम्ही मूळचे तगरचे, थोर नगराचे स्वामी! पुण्यामुंबईत तिसरी पिढी नांदत असलेली कुटुंबे लग्नपत्रिकेवर ‘मूळ गाव’ छापतात, त्यातलाच हा प्रकार. बिरुद शिलाहारांकडे गेले, नदी आणि टेकाडे तेरवाल्यांकडे राहिली.

मग मागे राहिलेल्यांनी काय केले? मागे राहिलेल्यांनी मडकी केली, विटा भाजल्या. तेरचे त्रिविक्रम मंदिर मूळचे विटांचे चैत्यगृह, मागची बाजू गजपृष्ठाकार. पुढे त्यात विष्णूचा वामनावतार विराजमान झाला. महाराष्ट्रात आज उभ्या असलेल्या सर्वांत जुन्या बांधीव वास्तूंत त्याची गणना होते. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी दारचौकटही अशीच पाहण्याजोगी. इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात, असे तेरमध्ये गेल्यावर कुणीही आपल्याला सांगतो. मातीत भाताचे तूस मिसळून भाजल्या की तूस जळून जाते आणि वीट सच्छिद्र होते, हे त्याचे मर्म.

आणि याच मातीने गोरोबाकाका दिले. संत गोरा कुंभार तेरचे. नामदेव-ज्ञानदेवांच्या मेळ्यातले वडीलधारे, म्हणून काका. विठ्ठलाच्या नामात दंग होऊन चिखल तुडवताना पोटचे मूल पायाखाली आले, ही त्यांची कथा मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७, हे त्यांच्या समाधीचे वर्ष मानतात. आज तेरला येणाऱ्यांत गोरोबाकाकांच्या दर्शनाला येणारे भाविक सर्वांत जास्त असतात. तगरच्या कापडाचे गिऱ्हाईक गेले ते गेले. कुंभाराच्या दाराला मात्र सातशे वर्षे माणसांची ये-जा आहे.

आणखी एका तेरवाल्याचे नाव इथे घेतले पाहिजे. रामलिंगप्पा लामतुरे. टेकाडांवरचे मणी, खापरे, नाणी, बाहुल्या मुलाबाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या हाती लागत. लामतुरे यांनी ती वर्षानुवर्षे गोळा केली, जपली. पुढे त्यांच्या कुटुंबाने हजारो वस्तूंचा तो संग्रह शासनाच्या हवाली केला आणि त्यातून त्यांच्याच नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय तेरमध्ये उभे राहिले. विद्यापीठाची पदवी नाही, संशोधनाचे अनुदान नाही, केवळ आपल्या गावच्या मातीवरचा जीव. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण आपण उगाच वापरून गुळगुळीत केली आहे. ती नेमकी कुठे लागू पडते हे पाहायचे असेल तर तेरच्या संग्रहालयात जावे.

दुसऱ्यांदा बाहेरचा पैसा या मुलखात आला तो लोखंडी रुळांवरून. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याला बार्शीच्या बाजारात संधी दिसली. बार्शी इंग्रजी हद्दीत, आणि तिच्या पूर्वेला निजामाचा मुलूख. त्या मुलखातला कापूस, गळिताची धान्ये बार्शीत उतरत. लंडनमध्ये भांडवल उभे करून त्याने ‘बार्शी लाइट रेल्वे’ काढली. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली, पुढे फाटा निजामाच्या हद्दीत शिरून येडशी, तडवळे, ढोकी करत लातूरला पोहोचला. १९२७ मध्ये दुसऱ्या टोकाला मिरज जोडली गेली. १९५४ साली सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. जुन्या पिढीला ही गाडी अजून आठवते. चढावर ती इतकी दमायची की प्रवासी उतरून, पाय मोकळे करून पुन्हा चढायचे, असे सांगतात. खरेखोटे इंजिन जाणे.

या गाडीने लातूरची पेठ वाढली, बार्शी वाढली. तिचा आखलेला मार्ग जिल्ह्याच्या गावाला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला, मात्र टाळून गेला होता. आखणारा मालाचा रस्ता पाहत होता, जिल्ह्याचे मुख्यालय कुठे आहे हे पाहण्याचे त्याला कारण नव्हते. रुंदीकरण झाले तेव्हा मार्ग बदलला आणि २००७-०८ मध्ये धाराशिव शहराला प्रथमच रेल्वे स्टेशन मिळाले. आज मुंबईहून रात्रीच्या लातूर गाडीत बसले की सकाळी धाराशिवला उतरता येते. तिथून तेर जवळ.

पण या रुळांवरचा सर्वांत लक्षात राहण्यासारखा माल कापूस नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावली. कृष्णेचे पाणी, सुरुवातीस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर, मग पन्नास वाघिणींतून पंचवीस लाख. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. सबंध वाट जवळजवळ कॅलथ्रॉपच्याच जुन्या गाडीची. ज्या मार्गाने एकेकाळी या भागाचा माल बाहेर जात होता त्याच मार्गाने या भागाला प्यायचे पाणी आणावे लागले. मधल्या शंभर वर्षांत काय झाले? थोडक्यात सांगायचे तर ऊस झाला. धरणे झाली, तेरजवळ तेरणेवर झाले, खाली माकणीला झाले. धरण आले की ऊस आला, ऊस आला की कारखाने आले. ढोकीचा तेरणा सहकारी साखर कारखाना हा एके काळी या भागाचा अभिमान होता. नंतर तो अनेक हंगाम बंद राहिला. सभासदांचे भाग-भांडवल, कामगारांचे पगार, ऊसतोडीचे अर्थकारण, सगळे त्याच्या धुराड्याकडे डोळे लावून. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे ठाऊक असूनही आपण दुष्काळी जिल्ह्यात ऊस लावत राहिलो. याला केवळ शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या पिकाचे गिऱ्हाईक ठरलेले आणि भाव बांधलेला, त्याच पिकाकडे माणूस जाणार. तगरच्या कोष्ट्यानेही दुसरे काय केले होते?

तिसऱ्यांदा पैसा आला तो मात्र दुःखाच्या पाठोपाठ. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन उरकून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेरणेचे खोरे हादरले. लातूर जिल्ह्यातले किल्लारी आणि धाराशिव जिल्ह्यातले सास्तूर ही नावे त्या दिवशी जगाला कळली. जवळपास आठ हजार माणसे गेली. भूकंपापेक्षा घरांनी माणसे मारली, असे तेव्हा म्हटले गेले आणि ते खोटे नव्हते. दगड आणि चिखलाच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळयांवर टाकलेले हातभर जाड मातीचे माळवद. उन्हाळ्यात थंडगार. पण ते कोसळले की खाली कुणी वाचत नसे.

मग मदतीचा पूर आला. देशातून, परदेशातून. जागतिक बँकेच्या कर्जावर राज्य सरकारने पुनर्वसनाचा फार मोठा कार्यक्रम आखला. बावन्न गावे मूळ जागा सोडून नव्या जागी वसवायची ठरली. जमीन किती यावर घर किती हे ठरले. भूमिहीन आणि अगदी अल्पभूधारकांना अडीचशे चौरस फूट, मधल्यांना साडेचारशे, मोठ्या शेतकऱ्यांना साडेसातशे. रुंद सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट, काँक्रीटच्या भिंती. कागदावर निर्दोष.

नदीकाठचे जुने गाव मात्र चौकोनी नव्हते. गल्ल्या अरुंद होत्या, त्यांत भावकी होती. दारात ढोरे बांधायला जागा, ज्वारी साठवायला पेव, संध्याकाळी टेकायला पार. नव्या गावात शेजारी बदलले, घर ते शेत हे अंतर वाढले, बैल बांधायला जागा राहिली नाही आणि उन्हाळ्यात काँक्रीटचे छप्पर तापू लागले. गाव एवढे पसरले की म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या टोकाच्या सोयऱ्याकडे जाणे जड झाले. लोकांनी मग आपल्या रीतीने त्या घरांना वळण लावले. पुढे पत्र्याचा सोपा काढला, मागे गोठा केला. ज्यांना माळवदाखाली माणसे गमावावी लागली त्यांनी जुन्या घराची हळहळ करावी हे ऐकायला चमत्कारिक वाटते. पण दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुरक्षित घर हवेच होते. ते कसे असावे हे राहणाऱ्याला पुरेसे कुणी विचारले नाही.

जिथे विचारले गेले तिथला अनुभव निराळा होता. कमी पडझड झालेल्या गावांत घरे दुरुस्त करायची, मजबूत करायची योजना होती. पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती, काम त्यानेच करवून घ्यायचे. इथे माहिती देणारी, हिशेब समजावणारी, गवंड्याकडून काम नीट करून घेणारी माणसे हवी होती. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या बाया सिमेंटचे प्रमाण, कोपऱ्यातले पट्टे, सज्जाच्या वरचा पट्टा यावर गवंड्याशी वाद घालू लागल्या. भूकंपाची मदत सरली, पण बायांचे गट टिकले. बचत सुरू झाली.

या गटांतून पुढे जे उगवले ते मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोलाचे वाटते. एकामागून एक दुष्काळ आले तेव्हा या स्त्रियांनी घरच्या जमिनीतला एक एकर आपल्या हातात मागितला. पुरुषांनी बाकी रानात सोयाबीन लावावे, ऊस लावावा, काय हवे ते करावे. या एकरात घर खाईल ते पिकेल. ज्वारी, बाजरी, तूर, मूग, भाज्या, असे मिसळून. कमी पाणी, शेणखत, घरचे बी. बाजाराचा भाव पडला तरी चूल पेटलेली राहते आणि उरलेले विकून हातखर्च निघतो. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांतल्या हजारो स्त्रियांनी हे केले. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर’ पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, तिकडे रुळांवरून पाण्याची गाडी धावत असताना. प्रेमाताई २०२२ मध्ये गेल्या. एकर कसला जातोच आहे.

हे ‘गुंतवणूक’ या सदरात मोडते का? शेअर बाजाराच्या पानावर तर नाही मोडणार. पण गावात राहणाऱ्याची गुंतवणूक साधारण अशीच असते. दुसरे उदाहरण उस्मानाबादी शेळीचे. जिल्ह्याचे नाव बदलून धाराशिव झाले, शेळीचे बदललेले नाही. बहुधा काळी, काटक, उन्हातान्हात बाभळीच्या पाल्यावर तगणारी आणि अनेकदा जुळी देणारी. भूमिहीन बाईच्या दारात दोन शेळ्या असल्या की दवाखाना, शाळेची फी, लेकीचे बाळंतपण यांची सोय झाली. अडचण आली की विकता येते, मुदतीआधी मोडली म्हणून दंड नाही.

शहरातल्या माणसाला तेरणेकाठी जागा घ्यायचीच असेल तर काही व्यावहारिक गोष्टी. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावे लागते. मराठवाड्यात याबाबत जुना हैदराबाद कूळकायदा लागू आहे. सातबारा नीट वाचावा. भोगवटादार वर्ग दोन, इनाम, कूळ असे काही लिहिलेले असेल तर जाणत्याला विचारल्याशिवाय इसार देऊ नये. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. तेरसारख्या गावी तर जमिनीखाली जुने नगर आहे, हेही ध्यानात ठेवावे. पाया खणताना खापरे, विटा लागल्या तर त्या लपवून ठेवायच्या नसतात.

नुसतेच फिरायला जायचे असेल तर पौष-माघ उत्तम. हुरड्याचे दिवस. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर आमटी एवढे ताटात असले तरी माणूस तृप्त होतो. आधी संग्रहालय पाहावे, मग त्रिविक्रम, मग गोरोबाकाकांची समाधी. तुळजापूर जवळच आहे, नळदुर्गचा किल्ला एका दिवसात जोडून होतो. वेळ असेल तर तसेच खाली सास्तूरपर्यंत जावे. नवी गावे पाहावीत, जुन्या गावठाणांच्या जागीही जाऊन यावे.

जमीन घ्यायला जाणाऱ्याने मात्र हिवाळ्यात जाऊ नये. तेव्हा विहिरी भरलेल्या असतात, रान हिरवे असते आणि विकणारा अंगतपंगत घालतो. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांची पुण्यतिथी असते, त्या सुमारास जावे. ऊन डोक्यावर घेऊन नदीपात्रात उतरावे, शिवारातल्या दोन-तीन विहिरींत डोकावावे, बोअर किती फुटांवर लागले आणि कितव्या वर्षी आटले हे शेजाऱ्याला विचारावे. पाण्याचा टँकर कुठल्या महिन्यापासून सुरू होतो ते गावातल्या बायांना विचारावे. त्यांना तारीख पाठ असते.